आमच्या आतोबांचा रानघोडा

माळव्यात चुकीचा शब्द ऐकून ज्याचं खरोखर पोट दुखायचं असा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. बाकी माळव्याची पोटं दाल-बाफल्यांनी दुखतात आणि ओवा खाल्ला की थांबतात. आमच्या आतोबांसमोर मात्र कुणी 'बाहेर पाणी पडतंय' असं म्हटलं की ते जागच्या जागी पोटावर हात धरायचे. "पाणी घागरीतून पडतं," ते कळवळून म्हणायचे, "आभाळातून पाऊस पडतो. एवढं जरी तुम्ही लोकांनी सांभाळलंत तरी मी सुखानं मरेन." बोलणारा बिचारा नखशिखांत भिजून आलेला असायचा. त्याला पाऊस काय नि पाणी काय, कोरडा पंचा हवा असायचा. पण वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटल्याशिवाय आतोबा त्याला ओसरीवर चढू देत नसत, आणि तोवर दारातल्या माणसावर जे काही पडायचं ते पडतच राहायचं.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत हा शब्द अजून टिकून आहे. पुण्याकडच्या पाहुण्यांना तो समजावून सांगावा लागतो, आणि सांगितला की ते हसतात. हसोत बापडे. तर आतोबा धारला एका कचेरीत दुभाषे होते. इंग्रजी पत्र आलं की त्याचं मराठी करायचं, मोडीत हुकूम लिहून परगण्यात धाडायचा, आणि परगण्याचं उत्तर आलं की ते पुन्हा इंग्रजीत घालायचं, हे त्यांचं काम. मी देवासला शाळामास्तर. देवासला एकाच गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यामुळे आम्हा देवासकरांना एका वस्तूची दोन नावं असली तरी काही वाटत नाही. आतोबांचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. "दोन असोत, दहा असोत," ते म्हणायचे, "पण प्रत्येक नाव खरं पाहिजे, आणि ते कोणाच्या तोंडचं आहे ते ठाऊक पाहिजे." मला ते 'मास्तर' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. यात मान अजिबात नव्हता. माझं मराठी देवासच्या पाण्यानं बिघडलेलं आहे अशी त्यांची खात्री होती, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं ते माझ्याशी जपून बोलत.

आत्याचा संसार या माणसाबरोबर कसा झाला हे तिलाच ठाऊक. एकदा ती सहज म्हणाली, "सब्जी संपलीय, आज पिठलं चालेल ना?" आतोबांनी पाटावरून उठून हात धुतले. "या घरात सब्जी कधी आलीच नाही, तर संपेल कशी?" ते म्हणाले. "भाजी संपली असेल तर मी बसतो." आत्या शांतपणे म्हणाली, "बसा. आणि आजपासून भूकही मराठीतच लागू द्या, म्हणजे जरा उशिरा लागेल." आतोबा बसले, पिठलं दोनदा मागून घेतलं, आणि जेवता जेवता तिला 'पिठलं' आणि 'झुणका' यांतला भेद सांगितला. ती तीस वर्षं दोन्ही करत आली होती. तिनं तो निमूटपणे ऐकून घेतला.

शब्द जमवणं हा त्यांचा धंदा नव्हे, व्यसन होतं. नवा शब्द कानावर पडला की ते खिशातून कागदाचा कपटा काढत, त्यावर शब्द लिहीत आणि कपटा पगडीच्या घडीत खोचून ठेवत. सकाळी घरून निघताना पगडी डोक्याएवढी असे, संध्याकाळी परतताना ती कलिंगडाएवढी झालेली असे. वरिष्ठांपुढे मुजऱ्याला वाकले की दोन-चार कपटे जमिनीवर गळत, आणि वरिष्ठांसमोर गुडघ्यांवर बसून आतोबा ते वेचत. एकदा तर त्यांनी कमाल केली. शेजारच्या माळवी कुटुंबात म्हातारा वारला, म्हणून भेटायला गेले. म्हाताऱ्याची बहीण हेल काढून रडत होती. रडता रडता तिनं भावाच्या जुन्या अंगरख्याचं कसलंसं नाव घेतलं. आतोबा पुढे सरकले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "बाईसाब, जरा ठहरो. उस कपडे का नाम फिर से कहो." म्हातारी रडायची थांबली. तिनं शब्द सांगितला, तो अंगरखा कसा शिवतात तेही सांगितलं, भाऊ तो कोणकोणत्या लग्नांत घालून मिरवला तेही सांगितलं, आणि शेवटी चक्क हसली. घरी आल्यावर आत्यानं त्यांना फैलावर घेतलं. पण पुढे ती म्हातारी मरेपर्यंत दर संक्रांतीला आतोबांकडे तिळगूळ घेऊन येत असे, आणि येताना एखादा शब्दही आणत असे.

या सगळ्या कपट्यांचा मिळून एक कोश होणार होता. अठरा वर्षं ते तो लिहीत होते. मराठी शब्द, माळवीत काय म्हणतात, हिंदीत काय, इंग्रजीत काय, आणि सगळ्यांत शेवटी एक अरुंद रकाना: 'कोणाच्या तोंडून.' त्या रकान्यात भडभुंजा असे, सोनार असे, नर्मदेवरच्या धरमपुरीचा नावाडी असे, आणि पाचपन्नास ठिकाणी नुसतं 'घरातून' असं लिहिलेलं असे. ते म्हणजे आत्या. हा कोश कचेरीच्या खर्चानं छापायचं वरिष्ठांनी कबूल केलं होतं. दिवाळीनंतर बाड छापखान्यात जायचं होतं. आतोबांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. बढती नको, जमीन नको, मूलबाळ नव्हतं त्याचीही त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पहिल्या पानावर नाव कसं यावं याचे नमुने मात्र त्यांनी लिहून ठेवले होते, आणि प्रत्येक सुट्टीत मला ते दाखवून विचारायचे, "मास्तर, नावाआधी 'रा. रा.' असावं की नसावं? खरं सांगा. माजल्यासारखं दिसेल का?" मी म्हणायचो, असावं. ते खूश होऊन ते खोडायचे आणि पुढच्या सुट्टीपर्यंत पुन्हा लिहायचे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. आतोबा घोड्याला भयंकर भीत. मराठ्यांच्या मुलखातून घोड्यावर बसून ज्यांचे पूर्वज माळव्यात आले, त्या घरातला हा माणूस टांग्यातसुद्धा घोड्याकडे पाठ करून बसायचा. रस्त्यात घोडा दिसला की ते बाजूच्या दुकानात शिरत आणि नको असलेल्या वस्तूंची नावं विचारत उभे राहत. त्यांच्या कोशात घोड्याला सव्वा पान होतं, आणि ते सगळं त्यांनी लांबून लिहिलेलं होतं.

दर रविवारी मात्र हा माणूस बैलगाडीत बसून धारच्या पश्चिमेला, राजगढच्या वाटेवर, एका बीडात जाई. बीड म्हणजे राखून ठेवलेलं गवताचं रान. तिथे बाभळीखाली छत्री उघडून ते तासन्‌तास बसत. का, तर माळढोक बघायला. माळढोक तुम्ही पाहिला नसेल. केवढा थोरला पक्षी, उभा राहिला तर माणसाच्या कमरेला लागावा, आणि सगळा जन्म जमिनीवर पायी हिंडण्यात घालवतो. उडायची वेळ आली तर उडतो, पण अगदी नाइलाज झाल्यासारखा. आतोबांना तो प्रथम त्याच्या नावांमुळे आवडला. मराठीत माळढोक, कुणी हिंदीवाला तुगदर म्हणे, आणि बीडाचा चौकीदार नानूराम म्हणे, "यां तो हुकनो के, साब." हुक्‌ हुक्‌ असा आवाज करतो म्हणून हुकना. नावं लिहून झाली, तरी आतोबा जातच राहिले. घरी येऊन आत्याला सांगत, "मादी एकच अंडं घालते. एकच. आणि नर तिकडे फिरकतही नाही." आत्या म्हणाली, "मग कचेरीत असेल." यावर आतोबांनी बराच वेळ विचार केला आणि "असेल, असेल," म्हणाले.

त्याच रस्त्यावर त्यांना सडकवाला साहेब भेटला. सडका बांधणारा गोरा इंजिनेर, लाल मिशा, उन्हानं सोललेलं नाक. कुणी भेटलं की तो आधी सांगायचा, "मी इंग्रज नाही." आतोबांनी विचारलं, "मग काय म्हणायचं?" तो म्हणाला, "आयरिश." आतोबांनी लगेच कपटा काढला. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. साहेब धारला आला की आतोबांच्या ओसरीवर येई, आत्या त्याच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या पितळी पेल्यात ताक देई, आणि दोघे इंग्रजीत शब्दांच्या गप्पा मारत. त्यातली एक बैठक मी स्वतः ऐकली. साहेबानं बीडातला माळढोक पाहिला होता, आणि त्याला त्याच्या देशातला एक पक्षी आठवला होता. तोही असाच थोराड, असाच जमिनीवर हिंडणारा, फक्त माळाऐवजी जंगलात राहणारा. "आमच्या भाषेत त्याला कापल क्विल्ये म्हणतात," साहेब म्हणाला. "कापल म्हणजे घोडा. क्विल्ये म्हणजे रानाचा."

"रानघोडा," आतोबा म्हणाले. मांडीवरचा बोरू त्यांनी उचललासुद्धा होता. "आणि इंग्रजीत?"

"इंग्रजांना आमचा शब्द म्हणता येईना. त्यांनी त्याचं कॅपरकेली केलं. आणि लिहिताना मध्येच एक झेड घालतात, जो कुणीच उच्चारत नाही. स्कॉटलंडवाले म्हणतात शब्द मूळचा त्यांचा आहे. त्यांचं ऐकू नका."

न उच्चारलेला झेड ऐकून आतोबांचं पोट दुखू लागलं. ते आवरून त्यांनी विचारलं, "पक्ष्याला घोडा का म्हणायचं?"

"मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, मोठा आहे ना, म्हणून."

"तुमच्या आजीनं पाहिला होता?"

"छे. तिच्या आजीनं पाहिला असेल. आमच्या देशातले सगळे कधीच मारून संपवले. एक उरला नाही. नाव तेवढं राहिलं." साहेबानं पेला खाली ठेवला. "आजी ते नाव फार छान म्हणायची."

 कपटा आतोबांच्या हातात तसाच राहिला, कोरा. इतक्या वर्षांत शब्द ऐकून कपटा कोरा राहिलेला मी तेवढाच पाहिला. साहेब गेल्यावरही ते बराच वेळ ओसरीवर बसून होते. मला वाटलं, झेडमुळे असेल.

त्याच वर्षी भाद्रपदात, गणपतीच्या सुट्टीला जोडून महिनाभराची रजा काढून, मी धारला होतो. कचेरीतला मोडी लिहिणारा कारकून तापानं आडवा झाला होता, म्हणून आतोबांनी चार दिवस मला लिहायला बसवलं. माझ्या भाषेबद्दल त्यांना शंका होती, अक्षराबद्दल नव्हती. तेवढ्यात एक इंग्रजी पत्र आलं. विलायतेहून नुकताच आलेला एक बडा पाहुणा होता. त्याला पक्षी मारून, पेंढा भरून, काचेच्या कपाटात उभे करायचा नाद होता. त्याच्याकडे सगळ्या जाती झाल्या होत्या, आमच्या मुलखातला तेवढा बस्टर्ड राहिला होता. तो आठवडाभरासाठी येणार होता, आणि त्याला त्या पक्ष्याचं ठिकाण दाखवावं असा हुकूम परगण्यात जायचा होता. बस्टर्ड म्हणजे माळढोक, हे मला आतोबांनीच शिकवलं होतं. मी त्यांनी सांगायच्या आधीच तो शब्द लिहिला.

"खोडा," आतोबा म्हणाले. "रानघोडा लिहा."

मी म्हणालो, "आतोबा, बस्टर्ड म्हणजे माळढोक ना? तुमच्याच कोशात आहे. रानघोडा तर त्या सडकवाल्या साहेबाचा..."

"मास्तर," ते म्हणाले, "या कचेरीत दुभाषा कोण आहे?" त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. फक्त डावा हात पोटावर होता, आणि तो त्यांनी अंगरख्याच्या आत घातला होता, मला दिसू नये म्हणून. मी लिहिलं, 'साहेबबहादुरांस रानघोडा पाहिजे, जेथे असेल तेथे नेऊन दाखवावा.' त्यांनी हुकूम तीनदा वाचला आणि सहीला पाठवला. वाचकांना एव्हाना काय ते उमगलं असेल. मला उमगलं नाही. मी मास्तर होतो ना. मला वाटलं, वय झालं, आयरिश आजी डोक्यात बसली. एवढा मोठा माणूस, आणि असा घोटाळा. मला त्यांची फार कीव आली.

पुढे जे झालं त्यानं परगणा महिनाभर हसत होता. पहिलं उत्तर कामदारांचं, म्हणजे परगण्याच्या कारभाऱ्यांचं, आलं: 'रानघोडा या भागी आढळत नाही. परंतु एका कुंभाराचे तट्टू सहा महिन्यांपासून रानात मोकाट आहे. ते चालेल काय?' आतोबांनी गंभीरपणे उत्तर दिलं, 'चालणार नाही. साहेबांस मोठा पाहिजे.' मग कुणीतरी हुशार माणसानं डोकं चालवलं की रानातला मोठा घोडा म्हणजे घोडारोज असणार, म्हणजे नीलगाय. त्या दिवसांत नीलगाई होत्या दक्षिणेला, धरमपुरीकडे उतरणाऱ्या घाटात. बीड राहिलं पश्चिमेला. पाहुणा आला, त्याला वाजतगाजत घाटात नेलं. बरोबर जाणाऱ्या दुभाष्याच्या त्याच सकाळी पोटात कळ आली, आणि त्या पोटाची कीर्ती अशी होती की कुणालाच नवल वाटलं नाही. साहेबाला हिंदुस्थानी येत होतं दोनच शब्दांपुरतं, 'जल्दी' आणि 'पानी'. नीलगाय दाखवली की तो डोक्यावर हात मारून म्हणे, "बर्ड, बर्ड." हाकारे घालणाऱ्या लोकांना वाटे, बडा, बडा म्हणतोय, आणि ते त्याला आणखी मोठी नीलगाय दाखवत. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी त्याला गावातली सगळ्यांत मोठी म्हैस दाखवली म्हणतात, पण ते खरं नसावं. आठवडा संपला, पाहुण्याला पुढे जायचं होतं, तो गेला. जाताना त्यानं तीन पानी पत्र लिहून ठेवलं. ते मराठीत घालायचं काम अर्थातच आतोबांकडे आलं, आणि त्यातली एकही शिवी त्यांनी सौम्य केली नाही.

वरिष्ठांनी आतोबांना बोलावलं. मीही दाराशी उभा होतो, कारण हुकूम माझ्या हातचा होता. सकाळीच आत्या माझ्या कानात म्हणाली होती, "तू सांग ना, तुझ्या हातून चुकलं म्हणून. तुझी नोकरी देवासची, तुझं इथे कोण काय करणार?" मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण मी तोंड उघडायच्या आत आतोबा म्हणाले, "मास्तरांनी मी सांगितलं ते लिहिलं. चूक माझी."

"अशी चूक झाली कशी?" वरिष्ठांनी विचारलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. कारण सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं.

"झाली," आतोबा म्हणाले.

वरिष्ठांनी कपाटातून कोशाचं बाड काढलं. लाल कापडात बांधलेलं, दिवाळीनंतर छापखान्यात जायचं ते. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि आतोबांकडे सरकवलं. "ज्याला पक्षी आणि घोडा यांतला फरक कळत नाही," ते म्हणाले, "त्याचा कोश आम्ही कोणत्या तोंडानं छापायचा?" आतोबांनी बाड उचललं, मुजरा केला. पगडीतून दोन कपटे गळले. ते त्यांनी उचलले नाहीत. मी उचलले.

नोकरी राहिली, पण धारमध्ये तेव्हापासून त्यांचं नाव पडलं ते रानघोडा. कचेरीत शिरले की कुणीतरी हळूच खिंकाळे. बाजारात तर उघड चाले. ज्याच्या दुकानात ते घोड्याच्या भीतीनं शिरत, तो किराणेवालाच हाक मारी, "राम राम घोडा भिया, आज काय घेता?" भिया म्हणजे माळवीत भाऊ. माझं रक्त खवळायचं. आतोबा मात्र तिथे थांबत, वळत, आणि शांतपणे म्हणत, "घोडा नाही, रानघोडा. अर्धा शब्द बोलू नये." पुढे पुढे किराणेवाला पूर्ण शब्द बोलू लागला, आणि आतोबा मान डोलावून पुढे जात. आत्यानं या विषयावर एकदाच तोंड उघडलं. बाड माळ्यावर ठेवताना म्हणाली, "अठरा वर्षं मी यांच्यासाठी शब्द बोलत आले." आणि पदरानं कापडावरची धूळ पुसली. धूळ अजून बसायची होती.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी रविवार होता. आतोबा म्हणाले, "चला मास्तर, गाडी जुंपलीय." बीडात नानूराम वाटच बघत होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला बाभळीखाली बसवलं. गवत छातीएवढं वाढलेलं. बराच वेळ काही नाही. मग गवत हललं आणि ती बाहेर आली. उंच मान, काळी टोपी, एकेक पाऊल मोजून टाकणारी. आणि तिच्या मागे, तिच्या पायांत घोटाळत, गवताच्या रंगाचं एक पिल्लू. ते दोनदा अडखळलं. ती दोन्ही वेळा थांबली.

"मास्तर," आतोबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "ओळखा पाहू, कोण?"

"माळढोक," मी म्हणालो.

"बरोबर," ते म्हणाले. आणि मग, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, "स्पष्ट म्हणालात. ढ चांगला आला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.  या माणसाची मी कीव केली होती. जन्मभर एक चुकीचा शब्द ज्याला सोसला नाही, त्यानं शुद्धीवर राहून, तीनदा वाचून, तो लिहिला होता. मी म्हणालो, "आतोबा, निदान वरिष्ठांना तरी सांगायचंत." ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर मग त्यांनी विचारलं असतं, बीड कुठलं? आणि आज ना उद्या ते पुन्हा कुणा पाहुण्याच्या कानावर गेलं असतं." मग नानूरामकडे वळून म्हणाले, "नानूराम, आजपासून आपण हिला हुकना म्हणायचं नाही. कुणी ऐकेल. रानघोडा म्हणायचं." नानूरामनं मान हलवली. "रानघोड़ो," तो म्हणाला. आतोबांनी तो ओकार दुरुस्त केला नाही.

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेले ते पावसाळ्यात गेले, आणि भेटायला आलेला एक जण आत्याला म्हणाला, "पाणी फार पडतंय." आत्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पाऊस म्हणा." तिच्यामागे बाड माझ्याकडे आलं. अजून ते छापलेलं नाही. मी खूप खटपट केली, पण एका नादिष्ट दुभाष्याचा कोश कुणाला हवा आहे? कधी सणावारी उघडतो आणि वाचत बसतो. 'म'मध्ये माळढोक आहे, चारही नावांसकट, अगदी बिनचूक. आणि 'र'मध्ये, वेगळ्या शाईनं, दोन ओळींच्या मध्ये दाटीवाटीनं घातलेलं आहे: 'रानघोडा. पु. माळढोकाचे एक नाव. धार प्रांती एका दुभाष्याने चुकून योजिले, असा समज आहे.' शेवटच्या अरुंद रकान्यात, कोणाच्या तोंडून, तर 'सडकवाल्या साहेबाची आजी.'

गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम त्या बीडाकडे गेलो होतो. बीड आता नाही. नांगर फिरलाय, गहू उभा आहे, चांगला आहे. बांधावर एक म्हातारा बसला होता. नानूराम कधीच वारला, हा त्याचा धाकटा भाऊ. मी त्याला विचारलं, "भिया, इथे माळढोक असायचे ना?" त्याला कळलं नाही. हुकना म्हणून पाहिलं, त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग मी जरा लाजतच म्हणालो, "रानघोडा?" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्यानं दोन्ही हात उंच करून त्याची मान किती लांब असायची ते दाखवलं, चाल करून दाखवली, हुक्‌ हुक्‌ आवाज काढला. गावातली सगळी म्हातारी माणसं त्याला याच नावानं ओळखतात म्हणे. "पण अब नी दीखे, भिया," तो म्हणाला. "नाम रई ग्यो."

मी खिशातून कागदाचा कपटा काढला. घरी येऊन बाड सोडलं, 'र' काढला, आणि साहेबाच्या आजीच्या खाली, उरलेल्या एवढ्याशा जागेत लिहिलं: 'बीडाच्या चौकीदाराचा भाऊ.' लिहून झाल्यावर वरची ओळ पुन्हा वाचली. 'चुकून' हा शब्द मी एका रेघेनं खोडला. आतोबांच्या कोशात मी केलेली दुरुस्ती ती एवढीच.